मुक्या रुग्णाची वाचा

(प्राण्याला दुखते तेव्हा तो सांगू शकत नाही. आजूबाजूची माणसे डोळे उघडे ठेवून वागली, तरच त्याचा जीव वाचू शकतो. कुत्र्याने न खाण्यासारखी वस्तू गिळली तर काय करावे आणि काय करू नये, हे या पाठात सांगितले आहे.)



तुमच्यापैकी फार थोड्यांच्या घरी कुत्रा पाळलेला असेल. पण तुमच्या गल्लीत, चाळीच्या जिन्याखाली किंवा शाळेच्या फाटकाजवळ एखादा तरी कुत्रा असेलच. तो कोणा एकाचा नसतो. सगळेच त्याला कधी पाव, कधी शिळी चपाती टाकतात. रात्री अनोळखी माणूस गल्लीत शिरला, की तो भुंकून सर्वांना जागे करतो.

हा कुत्रा दिवसभर काय खातो, याकडे तुम्ही कधी लक्ष दिले आहे का? मे महिन्यात दादरच्या बाजारात आंब्यांचे ढीग लागतात आणि मागे कोयींचे ढीग उरतात. पावसाळ्यात गिरगाव चौपाटीवर भाजलेली कणसे विकली जातात. दाणे खाल्ले, की उरलेले कणीस वाळूत फेकले जाते. गणेशोत्सवात लालबागला लाखो माणसे येतात. त्यांनी टाकलेल्या खाऊच्या पिशव्या आणि रबरबँड रस्त्यावर पडतात. संक्रांतीच्या सुमारास पतंगांचा मांजा जागोजागी लोंबत असतो. बकरी ईदनंतर आपल्या मोहल्ल्यात हाडांचे तुकडे असतात. कबाबाच्या काड्यांना तर मटणाचा वास असतोच. याशिवाय सुई-दोरा, लहान चेंडू, मोजे, नाणी, घड्याळातले बटणासारखे सेल या वस्तू बारा महिने इकडेतिकडे पडलेल्या असतात. यांपैकी प्रत्येक वस्तू कुत्र्याच्या पोटात जाऊ शकते.

तुम्ही म्हणाल, कुत्र्याला एवढेही कळत नाही का? त्याचे कारण त्याच्या शरीरात आहे. मोठ्या कुत्र्याला ४२ दात असतात. पण ते मुख्यतः मांस फाडण्यासाठी आणि तोडण्यासाठी असतात. गाय किंवा बकरी जशी जबडा आडवा फिरवून रवंथ करते, तसे कुत्र्याला करता येत नाही. लांडगा हा त्याचा पूर्वज. कळपातला दुसरा लांडगा तुकडा पळवील, या भीतीने तो घाईघाईने गिळत असे. ती सवय कुत्र्यात उरली आहे. शिवाय कुत्रा जग ओळखतो ते नाकाने. ज्या प्लॅस्टिकच्या पिशवीत मासळी होती, ती पिशवी त्याला मासळीच वाटते. पिल्लांची गोष्ट आणखी वेगळी. लहान मूल जसे हाताला लागेल ते तोंडात घालते, तसे पिल्लू प्रत्येक वस्तू चावून पाहते.

गिळलेली वस्तू कुठे जाते?

कुत्र्याच्या गळ्यात, आपल्या गळ्याप्रमाणेच, दोन नळ्या असतात. एक श्वासनलिका आणि दुसरी अन्ननलिका. वस्तू श्वासनलिकेच्या तोंडाशी अडकली, तर हवा बंद होते. कुत्रा पंजाने तोंड ओरबाडतो, मान ताणतो, धापा टाकतो. त्याच्या हिरड्या आणि जीभ निळसर होऊ लागतात. अशा वेळी हातात फक्त काही मिनिटे असतात.

वस्तू अन्ननलिकेत अडकली, तर कुत्रा श्वास घेऊ शकतो, पण त्याला गिळता येत नाही. लाळ सतत गळते. खाल्लेला घास लगेच बाहेर येतो. वस्तू त्याच्याही पुढे गेली, तर ती जठरात पोहोचते. जठर म्हणजे मोठी पिशवी. तिच्यात बरेच काही मावते. पण तिच्यातून आतड्यात जाणारी वाट अरुंद आहे. म्हणून एखादी वस्तू जठरात कित्येक दिवस पडून राहते आणि मग एके दिवशी आतड्यात शिरून तेथे घट्ट बसते. आतडे बंद झाले, की अन्न आणि पाणी पुढे जात नाही. तेवढ्या भागाचा रक्तपुरवठा थांबतो. आतड्याला भोक पडले, तर पोटात विष पसरते आणि कुत्रा मरतो.

आता एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. समजा, लालबागच्या एका चाळीत मोती नावाचा कुत्रा आहे. मुलांनी आंबे खाल्ले आणि कोयी अंगणात टाकल्या. मोतीने त्यांतली एक उचलली आणि गिळून टाकली. पहिल्या दिवशी तो शेपटी हलवत हिंडत होता. दुसऱ्या दिवशी त्याने चपातीला तोंड लावले नाही. दोन-तीन वेळा उलटी केली. तिसऱ्या दिवशी तो जिन्याखाली गप्प पडून राहिला. मधूनच तो पुढचे पाय जमिनीला टेकवी आणि मागचा भाग उंच करी. पोटात कळ आली, की कुत्रे असेच करतात.

चाळीतले एक काका म्हणाले, “उन्हाचा त्रास झाला असेल.” एक खाला म्हणाल्या, “थोडे दूध पाजा, बरे वाटेल.” कोणी मिठाचे पाणी आणायला धावले. तेवढ्यात सातवीतली एक मुलगी म्हणाली, “काका, परवा संध्याकाळी मोतीने आंब्याची कोय गिळली. मी पाहिले आहे.” हे एक वाक्य सगळ्यांत मोलाचे होते. आता डॉक्टरांना अंदाजाने शोधत बसावे लागणार नाही. मोतीला जे बोलता येत नव्हते, ते त्या मुलीने बोलून दाखवले.

घरगुती उपाय का नकोत?

उर्दूतली म्हण तुम्हांला ठाऊक आहे : नीम हकीम खतरा-ए-जान. मराठीत सांगायचे तर, अर्धवट ज्ञान जिवावर बेतते. कुत्र्याने काही गिळले, की अशा हकिमांची गर्दी होते. त्यांचे उपाय नीट तपासून पाहू.

मिठाचे पाणी पाजून उलटी करवणे हा उपाय धोक्याचा आहे. जास्त मीठ रक्तात गेले, तर कुत्र्याला झटके येतात आणि तो मरूही शकतो. सुई, काचेचा तुकडा किंवा टोकदार हाड आत जाताना एकदा इजा करते. उलटीबरोबर ते परत वर येताना दुसऱ्यांदा इजा करते. घड्याळातला सेल तर काही तासांतच अन्ननलिका भाजून काढतो. काही वेळा डॉक्टर स्वतः औषध देऊन उलटी करवतात. पण वस्तू कोणती आहे आणि ती जाऊन किती वेळ झाला, हे पाहूनच ते तसे ठरवतात.

दुसरी चूक म्हणजे दोरा ओढणे. कुत्र्याच्या तोंडातून किंवा शेपटीखालून मांजाचे टोक लोंबताना दिसले, तर ते ओढावेसे वाटते. मुळीच ओढू नका. दोऱ्याचे दुसरे टोक जिभेखाली किंवा जठरात अडकलेले असू शकते. ताण बसला, की दोरा करवतीसारखा आतडे कापतो. टोक तसेच राहू द्या आणि कुत्र्याला डॉक्टरांकडे न्या.

तिसरी चूक म्हणजे दूध, तेल, केळे किंवा भात भरवणे. शस्त्रक्रिया करावी लागली, तर भूल द्यावी लागते. भूल देताना पोट भरलेले असणे बरे नसते. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही खायला-प्यायला देऊ नये. उलटी करणाऱ्या किंवा गुदमरणाऱ्या कुत्र्याचे तोंड दोरीने बांधू नये, हेही ध्यानात ठेवा.

सर्वांत मोठा इशारा

आता जे सांगायचे आहे ते नीट वाचा, कारण हा प्रश्न कुत्र्याच्या जिवाचा तर आहेच, तुमच्याही जिवाचा आहे.

रस्त्यावर एक कुत्रा दिसतो. त्याचा खालचा जबडा लोंबतो आहे. लाळ गळते आहे. त्याला गिळता येत नाही. त्याचा आवाज बदलला आहे. पाहणाऱ्याला वाटते, बिचाऱ्याच्या घशात हाड अडकले. एखादा दयाळू माणूस पुढे होतो आणि त्याच्या तोंडात हात घालतो. पण हीच लक्षणे रेबीजचीही असतात! पिसाळलेला कुत्रा नेहमी चावतच सुटतो असे नाही. रेबीजच्या एका प्रकारात तो शांत असतो आणि त्याचा जबडा व घसा लुळा पडतो. या रोगाचे विषाणू त्याच्या लाळेत असतात. हातावर बारीकसा ओरखडा असला, तरी तेथून ते शरीरात शिरू शकतात. माणसात या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली, की तो जवळजवळ कधीच वाचत नाही.

म्हणून नियम एकच : कोणत्याही कुत्र्याच्या तोंडात मुलांनी हात घालायचा नाही. ओळखीचा असला तरी नाही. गुदमरणारा कुत्रा घाबरलेला असतो, तो मालकालाही चावतो.

तरीही चावा बसला, ओरखडा उठला किंवा लाळ जखमेला, डोळ्याला अथवा तोंडाला लागली, तर काय करावे? ती जागा ताबडतोब धुवावी. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली निदान १५ मिनिटे धुवावी. डोळा किंवा तोंड असेल, तर नुसत्या भरपूर पाण्याने धुवावे. जखमेवर हळद, चुना किंवा तिखट लावू नये. घरी मार बसेल म्हणून लपवू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जावे. महापालिकेच्या रुग्णालयांत रेबीजची लस मोफत मिळते. डॉक्टर जितक्या सुया सांगतील, तितक्या सर्व घ्याव्यात. पूर्वी भारतात पोटात चौदा सुया घ्याव्या लागत. आजची लस दंडात देतात आणि सुयाही थोड्या असतात. फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलावर या लसीचे उपचार सुरू केले आणि तो वाचला. तेव्हापासून वेळेवर घेतलेल्या लसीने असंख्य माणसे वाचली आहेत.

मग आपण काय करावे?

पाळलेल्या कुत्र्याचा श्वास खरोखरच कोंडला असेल आणि त्याला रेबीजची लस दिलेली असेल, तर मोठी माणसे वाटेतच काही करू शकतात. लहान कुत्र्याचे मागचे पाय वर उचलून डोके खाली करतात आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने चापट मारतात. मोठ्या कुत्र्याच्या मागे उभे राहून, बरगड्या संपतात त्याच्या खाली मूठ ठेवून, ती झटक्याने आत आणि पुढच्या दिशेला दाबतात. फुप्फुसांतली हवा जोराने बाहेर येते आणि अडकलेली वस्तू उडते. माणसांसाठी हीच रीत अमेरिकेतील डॉक्टर हेन्री हाइमलिक यांनी १९७४ मध्ये सांगितली. त्याआधी त्यांनी तिचे प्रयोग भूल दिलेल्या कुत्र्यांवर केले होते. आज घशात घास अडकलेली माणसे या रीतीने वाचतात. तेव्हा कुत्र्यांचे हे ऋण आपल्यावर आहे.

तुमचे काम मात्र वेगळे आहे, आणि ते कमी महत्त्वाचे नाही. ते असे :

१) मोठ्या माणसाला लगेच बोलवा.
२) कुत्र्याने काय गिळले, किती मोठे होते आणि किती वाजता गिळले, हे आठवा. शक्य असेल तर लिहून ठेवा.
३) तशीच दुसरी वस्तू किंवा उरलेला तुकडा बरोबर द्या. चेंडू गिळला असेल तर तसाच चेंडू, औषध गिळले असेल तर त्याची पट्टी.
४) उलटी किती वेळा झाली, शौचाला झाली की नाही, हे पाहा. त्याला हात मात्र लावू नका.
५) भोवतालची गर्दी हटवा. गोंगाटाने कुत्रा अधिक घाबरतो.
६) गल्लीतला कुत्रा असेल, तर त्याला स्वतः पकडायला जाऊ नका. प्राण्यांच्या दवाखान्याला किंवा प्राणिमित्र संस्थेला मोठ्यांकडून फोन करवा. हे नंबर आधीच वहीत लिहून ठेवलेले बरे.

“वाट पाहू, आपोआप पडेल” असे काही जण म्हणतील. लहान आणि गुळगुळीत वस्तू कधी कधी शौचावाटे पडतेही. पण वाट पाहायची की नाही, हे डॉक्टरांनी ठरवायचे असते.

परळचा प्राण्यांचा दवाखाना

मध्य मुंबईतल्या मुलांना दूर जावे लागत नाही. परळ हा भाग रुग्णालयांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे माणसांसाठी १९२६ साली सुरू झालेले के. ई. एम. रुग्णालय आहे. त्याच परळमध्ये बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे प्राण्यांचे रुग्णालय आहे. साकरबाई या पारशी गिरणीमालक सर दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या पत्नी. प्राण्यांवरील क्रौर्य रोखण्यासाठी मुंबईत १८७४ साली एक संस्था स्थापन झाली होती. तिच्या प्रयत्नांतून आणि पेटिट यांच्या देणगीतून १८८० नंतरच्या दशकात हे रुग्णालय उभे राहिले. त्या काळी मुंबईतल्या ट्रामगाड्या घोडे ओढत आणि मालाच्या गाड्या बैल ओढत. जखमी जनावरांना आसरा हवा होता. तेथेच १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आजही प्राण्यांचे डॉक्टर परळला शिकून तयार होतात. महालक्ष्मी येथेही टाटा ट्रस्ट्सने २०२४ मध्ये लहान प्राण्यांसाठी मोठे रुग्णालय उघडले आहे.

डॉक्टर काय करतात? ते आधी प्रश्न विचारतात. मग पोट हाताने चाचपतात आणि एक्स-रे काढतात. जर्मनीतील शास्त्रज्ञ राँटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लावला. त्यामुळे शरीर न कापता आतले दिसू लागले. हाड, सुई, नाणे ही एक्स-रेमध्ये स्पष्ट दिसतात. पण कापड, प्लॅस्टिक किंवा आंब्याची कोय नीट दिसेलच असे नाही. तेव्हा सोनोग्राफी करतात. अशा वेळी “मी पाहिले आहे” हे तुमचे शब्द यंत्राइतकेच उपयोगी पडतात. वस्तू वरच्या भागात असेल, तर दुर्बिणीची लवचिक नळी तोंडावाटे घालून ती काढता येते. आतड्यात अडकली असेल, तर भूल देऊन पोट उघडतात, आतड्याला छेद देऊन वस्तू काढतात आणि टाके घालतात. कुत्रा वेळेवर आला, तर बहुधा बरा होतो. उशीर झाला, तर आतड्याचा सडलेला भागच कापून टाकावा लागतो आणि वाचण्याची आशा कमी होते.

दया आणि समज

तहानलेल्या कुत्र्याची हकिकत तुम्ही दीनियातच्या तासाला ऐकली असेल. एका वाटसरूला तहान लागली. तो विहिरीत उतरून पाणी प्याला. वर आल्यावर त्याला एक कुत्रा तहानेने ओली माती चाटताना दिसला. तो पुन्हा विहिरीत उतरला, आपला जोडा पाण्याने भरला, तोंडात धरून वर आणला आणि कुत्र्याला पाजला. अल्लाहने त्याला क्षमा केली, असे हदीसमध्ये आले आहे. आपण या हकिकतीतली दया लक्षात ठेवतो. पण त्या माणसाची समजही पाहा. त्याने कुत्र्याला विहिरीत ढकलले नाही की नुसती हळहळ केली नाही. कुत्र्याला काय हवे आहे आणि ते त्याच्यापर्यंत कसे पोहोचेल, याचा त्याने विचार केला.

आपल्यालाही तेच करता येईल. ईदची हाडे उघड्यावर न टाकता पिशवी घट्ट बांधून कचऱ्याच्या डब्यात टाकू. शिजवलेली हाडे कुत्र्याला घालणार नाही, कारण ती मोडली की त्यांचे टोकदार तुकडे होतात. तुटलेला मांजा गोळा करून बारीक कापून टाकू. सुई, सेल आणि नाणी जमिनीवर पडू देणार नाही. आंब्याची कोय अंगणात भिरकावण्याआधी क्षणभर थांबू. यासाठी पैसा लागत नाही.

कुत्र्याला जीभ आहे, पण भाषा नाही. त्याचे दुखणे त्याला सांगता येत नाही. तुम्ही पाहिलेत आणि वेळेवर सांगितलेत, तर ते डॉक्टरांपर्यंत पोहोचेल.

शब्दार्थ

वाचा – बोलण्याची शक्ती, वाणी
कोय – आंब्यातील मोठी बी
रवंथ करणे – खाल्लेले परत तोंडात आणून चावणे
अन्ननलिका – अन्न पोटात नेणारी नळी
जठर – अन्न साठवणारी पोटातील पिशवी
जिवावर बेतणे – प्राण जाण्याची वेळ येणे
लुळा पडणे – शक्ती जाऊन हालचाल बंद होणे
ऋण – कर्ज, उपकार
हळहळ – वाईट वाटणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मोठ्या कुत्र्याला किती दात असतात?
(आ) मोतीने काय गिळले होते?
(इ) क्ष-किरणांचा शोध कोणी लावला?
(ई) परळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय कोणत्या साली सुरू झाले?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) कुत्र्याच्या तोंडातून लोंबणारा दोरा ओढू नये.
(आ) लाळ गळणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात हात घालू नये.
(इ) डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुत्र्याला काही खायला देऊ नये.

प्र. ३. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) चाळीतल्या मुलीचे वाक्य सर्वांत मोलाचे का होते?
(आ) वाटसरूच्या हकिकतीत दयेबरोबर समज कशी दिसते?

प्र. ४. ‘नीम हकीम खतरा-ए-जान’ या म्हणीचा अर्थ मराठीत सांगा. अशाच अर्थाचा तुम्ही पाहिलेला प्रसंग लिहा.

प्र. ५. वाक्यांत उपयोग करा : जिवावर बेतणे, लुळा पडणे, हळहळ करणे.

उपक्रम : तुमच्या गल्लीतून एक फेरी मारा. कुत्रा गिळू शकेल अशा कोणकोणत्या वस्तू रस्त्यावर पडल्या आहेत, त्यांची यादी करा. ही यादी वर्गात वाचून दाखवा आणि त्या वस्तू रस्त्यावर येऊ नयेत म्हणून काय करता येईल, यावर चर्चा करा.